डाळजचा कॅल्साइट ‘पूना’ होऊ देऊ नका

उसावर केवडा आला की इंदापूरचा शेतकरी पहिली शिवी चुनखडीला घालतो. चुन्याच्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही आणि पानं पिवळी-पांढरी पडतात. या चुनखडीचं मुख्य द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट. त्याच रानाच्या बांधावर, विहिरीतून काढलेल्या दगडांच्या ढिगात, सकाळच्या तिरप्या उन्हात एखादा दगड लख्खकन चमकतो. जवळ जाऊन पाहावं तर काळ्या खडकाच्या पोकळीत मधाच्या रंगाचा, टोकदार स्फटिक. तोही कॅल्शियम कार्बोनेटच, नाव कॅल्साइट. एकाला शिव्या मिळतात, दुसऱ्याला परदेशातल्या संग्राहकाच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आणि खास दिवा.

हा लेख त्या दुसऱ्याच्या नादी लागलेल्यांसाठी, किंवा लागू पाहणाऱ्यांसाठी आहे. पुण्याहून सोलापूरला निघालात की भिगवणच्या पुढे डाळज लागतं. डाळज नंबर एक, दोन आणि तीन अशी गावं, डावीकडे उजनीचं फुगवट्याचं पाणी, बाकी ऊस, डाळिंब आणि काळा पाषाण. फ्लेमिंगो पाहायला येणारे इथून जातात, पण खाली दगडाकडे कुणी पाहत नाही. तुम्ही पाहा.

आधी ‘दुर्मीळ’ या शब्दाचा हिशेब करून टाकू, कारण या छंदात सगळ्यात जास्त पैसे याच शब्दापायी वाया जातात. कॅल्साइट दुर्मीळ नाही. जगभर, ढिगानं सापडतो. मग त्याला संग्राहक मोल का देतात? दुर्मीळपणा तीन जागी असू शकतो: खनिजात, त्याच्या घडणीत किंवा त्याच्या गावात. नामिबियातल्या त्सुमेबच्या खाणीतून १९०६ साली ओळखला गेलेला ओटाव्हाइट, म्हणजे कॅडमियमचं कार्बोनेट, हा खनिज म्हणूनच विरळा. दिसायला मात्र बऱ्याचदा नुसता पांढुरका थर. उलट अमेरिकेत कोलोरॅडोच्या स्वीट होम खाणीतला रोडोक्रोसाइट पाहा. मँगनीजचं हे कार्बोनेट काही फार विरळ नाही. पण चांदीसाठी खणलेल्या त्या खाणीत जसे लालभडक, पारदर्शक, कोनाकोनांत रेखीव स्फटिक झाले तसे क्वचितच कुठे होतात. १९९२ साली तिथं निघालेला ‘अल्मा किंग’ आज डेन्व्हरच्या संग्रहालयात आहे. तिथं दुर्मीळ आहे ती घडण. आपल्या दख्खनच्या कॅल्साइटचं मोलही याच दुसऱ्या प्रकारचं. तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे गावाकडे, आपण शेवटी येऊ. माझ्या मते खरी मेख तिथंच आहे.

दख्खनचा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर लाव्हा वाहिला आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले. दगड थिजला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून मुरणारं, कोमट ते चांगलं गरम पाणी वाटेत चुना, सिलिका, सोडा विरघळवत आलं आणि त्या पोकळ्यांत एकेक खनिज बसवत गेलं. स्टिल्बाइट, हेउलांडाइट, अ‍ॅपोफिलाइट, मेसोलाइट, कधी गार. कॅल्साइट पुष्कळदा अखेरीस येतो आणि आधीच्यांच्या डोक्यावर बसतो. क्वचित आधी येतो, त्याच्यावर गारेचा थर चढतो, मग आतला कॅल्साइट विरघळून निघून जातो आणि त्याच्या आकाराचा पोकळ साचा तेवढा राहतो. असा साचा हाती आला तर ‘रिकामा आहे’ म्हणून फेकू नका. जाणकार त्यासाठी थांबतात.

विहीर खणणाऱ्यांना ही भूगर्भविद्या वेगळ्या नावांनी पाठ असते. वरचा मुरूम, मग फोफसा, ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या, मध्ये कुठे गेरूसारखा लाल पट्टा, खाली कठीण काळा पाषाण. स्फटिकांचं घर मांजऱ्यात. एकसंध काळ्या पाषाणात भेग सोडली तर फारसं काही मिळत नाही. म्हणून नव्या विहिरीच्या ढिगाकडे जाण्याआधी खणणाऱ्याला एवढंच विचारा: “मांजऱ्या किती फुटांवर लागला?” अर्ध्या दिवसाची पायपीट वाचते, आणि तुम्हाला दगडातलं काही कळतं असा समज होऊन चहाही मिळतो.

केव्हा जायचं? पहिल्या दोन-चार पावसांनंतर. ढिगावरची धूळ धुऊन निघालेली असते. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, ऊन समोरून घेऊन चाला. मोडलेला कॅल्साइट आरशासारखा सपाट चमकतो आणि दहा पावलांवरून डोळ्यात भरतो. हातमोजे घाला, दगड आपल्याकडे नव्हे तर पलीकडे उलटवा, कारण या माळावर दगडाखाली फुरसं असतं. हातोडी मारताना डोळ्यांना गॉगल हवाच. चालू विहिरीत उतरू नका. न उडालेल्या सुरुंगाचं भोक, त्यातून लोंबणारी वायर किंवा भोवतालचा भेगाळलेला दगड दिसला तर हातोडी खिशात ठेवून मागे फिरा आणि काम करणाऱ्यांना सांगा.

परवानगीचा विषय कंटाळवाणा, पण टाळता येत नाही. ढीग ज्याच्या रानात त्याची परवानगी. खडी क्रशरवर मालकाची. आपण होऊन खोदायला लागलात की ते उत्खनन ठरतं आणि महाराष्ट्रात त्याला २०१३ चे गौण खनिज नियम लागतात. तो वाद तहसील कचेरीत जातो. वनखात्याच्या जमिनीवर आणि अभयारण्यात हात लावायचाच नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकारा बघा, दगड राहू द्या. किल्ले, लेणी, जुन्या बारवा यांच्या दगडावर छिन्नी लावणाऱ्याला मी संग्राहक म्हणत नाही.

एक गोष्ट पैशांची. क्रशरवर काम करणारा माणूस दुपारच्या सुट्टीत बाजूला काढून ठेवलेला दगड दाखवतो. मालकाच्या संमतीनं घेत असाल तर त्याला चहापाण्यापुरतं नाही, नीट द्या. चांगला पैसा मिळतो हे कळलं की पुढचा दगड जबड्यात जाण्याआधी त्याचा हात थांबेल. क्रशरच्या जबड्यापुढे दहा सेकंदांचा उशीर झाला तरी दगड गेलाच.

हाती आलेला पांढरा-पारदर्शक दगड कॅल्साइटच आहे का? गावात प्रत्येक चमकणाऱ्याला ‘गार’ म्हणतात आणि अधूनमधून कुणाला तरी हिरा सापडल्याची आवईही उठते. लोखंडी खिळा घ्या. कॅल्साइटवर खिळ्याचा ओरखडा सहज उठतो; खऱ्या गारेवर, म्हणजे क्वार्ट्झवर, उठत नाही, उलट तीच काचेवर रेघ ओढते. मग खिळ्यानं कोपऱ्यातली चिमूटभर भुकटी काढा, तिच्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे आले की कार्बोनेट. झिओलाइटला, म्हणजे स्टिल्बाइट, हेउलांडाइट, मेसोलाइट यांच्या कुळाला, असे बुडबुडे येत नाहीत. फक्त भुकटी स्फटिकाचीच हवी. आपल्याकडच्या बहुतेक दगडांवर मातीतल्या चुनखडीचा पापुद्रा असतो आणि तो फसफसून भलत्याच दगडाला कॅल्साइट ठरवतो. मी स्वतः पहिल्या वर्षी अशीच एक टोपलीभर गार ‘कॅल्साइट’ म्हणून मिरवली आहे.

तिसरी खूण मोडण्याची. कॅल्साइट तीन दिशांनी तिरप्या चौकोनी वड्यांत फुटतो, आणि त्या वड्यांच्या वड्याही तशाच फुटतात. स्वच्छ, पारदर्शक वडी मिळाली तर कागदावर पेनानं ठिपका काढून त्यावर ठेवा. दोन ठिपके दिसतील. वडी फिरवा, एक स्थिर राहील आणि दुसरा त्याच्याभोवती फिरेल. डेन्मार्कच्या रासमुस बार्थोलिननं १६६९ साली आइसलँडच्या स्फटिकात हेच पाहून लिहून ठेवलं आणि प्रकाशाबद्दलचे पुढचे कितीतरी प्रश्न तिथून सुरू झाले. अ‍ॅपोफिलाइटशी गल्लत होत असेल तर त्याच्या टोकाची सपाट बाजू पाहा. ती मोत्यासारखी झळकते आणि दगड फक्त त्या एकाच दिशेनं सुंदर सोलला जातो. स्टिल्बाइट ओळखायला सोपा: मधोमध आवळलेली गव्हाची पेंढी.

आता निवड. ढिगावर शंभर कॅल्साइट असतील. घरी चार न्या. पहिलं, टोक पाहा. कुत्र्याच्या सुळ्यासारख्या लांबट स्फटिकाचं टोक शाबूत असेल तरच त्याला किंमत. हा दगड इतका मऊ आहे की दहातली नऊ टोकं सुरुंगातच जातात. दुसरं, सोबत. एकटा कॅल्साइट बरा, पण गुलाबी-पिवळसर स्टिल्बाइटच्या गालिच्यावर उभा असेल तर कितीतरी पटींनी चांगला. खालचा काळा खडकही थोडा हवा, म्हणजे दगड आपली जन्मकथा सोबत घेऊन येतो. तिसरं, जुळे. दोन स्फटिक एका पातळीवर आरशासारखे जुळून फुलपाखराच्या पंखांसारखे किंवा हृदयासारखे दिसले तर खिशात नाही, टॉवेलमध्ये ठेवा. आकार मोठा म्हणून भुलू नका. नारळाएवढ्या टवके उडालेल्या स्फटिकापेक्षा लिंबाएवढा निर्दोष स्फटिक सरस, असं माझं मत आहे. मोठ्याचे चाहतेही पुष्कळ आहेत, त्यांनी घरात जागा आहे ना ते पाहावं.

घरी आणल्यावर बहुतेक चांगले दगड आपणच मारतो. तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं घासायची सवय असलेल्या घरात कॅल्साइट सुरक्षित नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर, बाथरूमचं अ‍ॅसिड, सगळं त्याला खातं आणि वरची झळाळी पाच मिनिटांत दुधाळ करून टाकतं. साधं पाणी, धुण्याच्या साबणाचा एक थेंब आणि लहान मुलांचा मऊ ब्रश. काळी माती चिकट असेल तर दोन-तीन दिवस पाण्यात भिजू द्या, पाणी बदलत राहा. मेसोलाइटसारख्या सुयांवर ब्रश चालवायचा नाही. पाण्यात नुसतं हलवा. गेरूचे डाग काढायला काही जण ऑक्झॅलिक अ‍ॅसिड सुचवतात. दगडावर कॅल्साइटचा कणही असेल तर ते वापरू नका, वर नवा पांढरा थर बसतो आणि तो निघत नाही. आणि गार पाण्यातून काढलेला दगड उन्हात वाळत टाकू नका. कॅल्साइट तापला की एका दिशेनं फुगतो आणि आडव्या दिशेनं किंचित आकसतो. त्या ताणात त्याला आतून तडा जातो.

ठेवायचा कुठे? हे वाचून अनेकांना नवल वाटेल: नव्या प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात नको. त्या लाकडातून आणि डिंकातून हळूहळू आम्लाची वाफ सुटते आणि कार्बोनेटवर पांढरी भुकटी उगवते. शंख-शिंपल्यांच्या संग्राहकांनी हा रोग शंभर वर्षांपूर्वीच ओळखला होता. लोखंडी कपाट, काच, खाली साधा फोम नको तर सुती कापड. स्वयंपाकघराशेजारी नको. एवढं पुरे.

विकत घ्यायची वेळ आली की डोळे जास्त उघडे हवेत. महाराष्ट्रातला सगळ्यांत नावाजलेला बनाव ओकेनाइटचा: कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे गुलाबी-निळे रंगवून विकले जातात. तो कार्बोनेट नाही, पण रंगवण्याची तीच कला कॅल्साइटवरही चालते. कानाच्या काडीवर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मागच्या बाजूनं पुसा; काडी रंगली तर पुढे बोलणं संपलं. दुसरा बनाव डिंकाचा. एका दगडावरचा चांगला स्फटिक दुसऱ्या दगडावर चिकटवतात. वाघोलीच्या निळ्या कॅव्हान्साइटच्या बाबतीत हे फार झालं. अंधारात जांभळ्या-अतिनील टॉर्चनं पाहा, डिंक बहुधा निळसर पांढरा चमकतो. कॅल्साइटही कधी आपणहून चमकतो, म्हणून चमक संपूर्ण स्फटिकात आहे की फक्त सांध्याच्या रेषेत, ते बघा. तिसरा, आम्लात बुचकळून चकाकवलेला कॅल्साइट. त्याच्या कडा झिजलेल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात. खऱ्या स्फटिकाची कड बोटाला लागते.

परदेशी कार्बोनेट घेताना एक पथ्य. अझुराइट, मॅलाकाइट, स्मिथ्सोनाइट, सेरुसाइट ही तांबं, जस्त, शिशाच्या खाणींची देणगी. त्सुमेबची खाण १९९६ साली बंद झाली, त्यामुळे तिथला दगड म्हणून जे विकलं जातं त्याचे जुने कागद, जुनी चिठ्ठी मागा. शिशाचं खनिज हाताळल्यावर हात धुवा आणि ते लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. पट्ट्यापट्ट्यांचा हिरवा मॅलाकाइट फार हलका लागला आणि हाताला ऊबदार वाटला तर ते प्लास्टिक आहे.

खनिज म्हणूनच विरळ असं कार्बोनेट महाराष्ट्रात नाही का? आहे, आणि तिथं आपल्याला काहीच उचलायचं नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आणि त्यातलं खारं, सोडायुक्त पाणी. हे पाणी आटलं की सोड्याचे क्षार बसतात. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची नावं जुन्या नोंदींत मिळतात, आणि काच-साबणाच्या कच्च्या मालासाठी लोणारचा उल्लेख ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे. तळाच्या गाळात संशोधकांना गेलुसाइटचे स्फटिक मिळाले, सोडियम आणि कॅल्शियमचं पाणी धरून ठेवणारं कार्बोनेट. सरोवर फार आटल्याच्या काळाची खूण म्हणून ते वाचलं जातं. जगात मोजक्या सोडा-सरोवरांत होणारं हे खनिज. पण लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर क्षेत्रही आहे, आणि हे क्षार कपाटात टिकतही नाहीत: काही कोरड्या हवेत पाणी गमावून भुकटी होतात, काही पाण्यात विरघळतात. लोणारला जा, पाहा, फोटो घ्या, रिकाम्या हातानं परत या.

दख्खनचे दगड कसे असावेत याचा डोळा घडवायचा असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एक पूर्ण दिवस देऊन बघा. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, फर्ग्युसनमध्येही हा विषय शिकवतात. ओळखता न आलेला दगड घेऊन नम्रपणे गेलात तर सहसा कुणीतरी मदत करतं. एकावेळी एक दगड न्या, पोतं नको.

आता गाव. भोर घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. ती खोदताना निघालेले झिओलाइट आणि कॅल्साइट इंग्लंडच्या संग्रहालयांत पोचले. तेव्हापासून जुन्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द भेटत राहतो: ‘पूना’. खंडाळ्याचा दगड पूना, वाघोलीचा पूना, आणि भीमाकाठचा एखादा असेल तर तोही पूना. पुढे बाजारात ‘जळगाव’ आणि ‘नाशिक’ हे शब्दही असेच सैल झाले. शंभर किलोमीटरच्या आतलं काहीही त्यात बसतं. विक्रेत्याला सोयीचं असतं आणि कधी आपली जागा दुसऱ्याला कळू नये म्हणूनही तसं केलं जातं. पण विहीर बांधून झाली, तिला कठडा बसला, ढीग रस्त्याच्या भरावात गेला की तो दगड नेमका कुठला हे पुन्हा कुणालाही सांगता येणार नाही. एका विहिरीतला कॅल्साइट पुन्हा तसाच निघत नाही. म्हणून डाळजचा दगड खरोखर दुर्मीळ करण्याची ताकद तुमच्या पेनात आहे. नसता तो पूना होणार.

रानातून निघण्याआधीच, दगड वर्तमानपत्रात गुंडाळताना, आतच एक चिठ्ठी टाका. खनिज कोणतं, सोबत कोणतं, गाव, आणि डाळजच्या बाबतीत नंबर एक की दोन की तीन, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, विहीर, शेततळं की रस्त्याची कटिंग, मांजऱ्या किती फुटांवर, तारीख, कुणी दिला. मालकाला नाव नको असेल तर लिहू नका. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, तेही उतरवा. घरी आल्यावर दगडाच्या मागे, खडकाच्या भागावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या, तो वाळल्यावर काळ्या शाईनं क्रमांक लिहा आणि तोच क्रमांक वहीत. स्फटिकावर कधीही रंग नको. एखादा दगड विकलात किंवा दिलात तर चिठ्ठीही सोबत द्या. तुमच्या आधीच्या मालकाची जुनी चिठ्ठी असेल तर ती फाडून नवी सुबक छापू नका, दोन्ही ठेवा.

एकाच जागचे दोन दगड मिळाले तर त्यांतला जरा डावा असेल तो डाळजच्याच शाळेत नेऊन द्या, चिठ्ठीसकट. आणि वहीची एक प्रत घरातल्या अशा माणसाकडे ठेवा ज्याला दगडांत काडीचा रस नाही पण दिवाळीची साफसफाई ज्याच्या हातात आहे.